मारेकऱ्याचा चित्रपट उसवून पाहताना : ‘द डे ऑफ द जॅकल’वरून थरारपटाची पटकथा कशी शिकावी

सुपारी घेऊन खून करणाऱ्या माणसावर चित्रपट लिहायचा आहे, असे म्हणणारी तरुण मंडळी पटकथेच्या प्रत्येक नव्या तुकडीत दोन-तीन तरी निघतातच. त्यांचे पहिले खर्डे एकमेकांसारखेच असतात. पहिल्या पानावर पिस्तूल निघते, तिसऱ्या पानावर पाठलाग सुरू होतो, दहाव्या पानापर्यंत पाच-सहा मुडदे पडतात आणि एवढे होऊनही वाचणाऱ्याच्या छातीत जराही धडधडत नाही. अशा वेळी मी सल्ला देत बसत नाही. एक चित्रपट पाहायला सांगतो आणि तो शिंप्याने जुना सदरा उसवावा तसा टाका-टाका उसवायला लावतो. त्या उसवण्याची रीत येथे क्रमाने सांगितली आहे. लेखात चित्रपटाचा शेवट येतो, म्हणून तो न पाहिलेल्यांनी आधी पाहून घेतलेला बरा.

चित्रपट आहे १९७३ सालचा ‘द डे ऑफ द जॅकल’. दिग्दर्शक फ्रेड झिनमन, पटकथा केनेथ रॉस यांची, आधार फ्रेडरिक फोर्साइथ यांच्या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा, आणि लांबी साधारण २ तास २३ मिनिटे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांना मारण्यासाठी एका इंग्रज मारेकऱ्याला ५ लाख डॉलर देऊ केले जातात, तो तयारी करतो, फ्रेंच पोलीस त्याचा माग काढतात, एवढीच गोष्ट. हाच चित्रपट निवडण्याचे कारण असे की त्याचा निकाल प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधीच ठाऊक असतो. द गॉल ९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या गावच्या घरी नैसर्गिक मृत्यूने वारले, आणि चित्रपट आला त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे ‘मरेल की वाचेल’ हा प्रश्न लेखकाच्या हातात मुळी नव्हताच. तरीही माणसे खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात. ज्या अर्थी शेवट लपवलेला नाही, त्या अर्थी थरार दुसरीकडे कोठेतरी दडलेला असला पाहिजे, आणि तो कोठे आहे हे शोधणे हाच या सरावाचा हेतू आहे.

पहिली पायरी : आधी इतिहास, मग वहीशिवाय पाहणे

पहिल्यांदा पाहताना हातात पेन घेऊ नये. दिवे मालवून, फोन बाजूला ठेवून, साध्या प्रेक्षकासारखे पाहावे आणि आपण कोठे सावरून बसलो, कोठे जांभई दिली, एवढेच लक्षात ठेवावे. मात्र त्याआधी अर्धा तास इतिहासाला द्यावा, कारण चित्रपट फारसे समजावून सांगत थांबत नाही. अल्जीरियावर फ्रान्सची सत्ता १८३० पासून होती. आठ वर्षांच्या रक्तपातानंतर मार्च १९६२ मध्ये एव्हियां येथे करार झाला आणि जुलैमध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. ज्या लष्करी अधिकाऱ्यांनी अल्जीरिया टिकवण्याच्या भरवशावर द गॉल यांना सत्तेवर यायला हातभार लावला होता, त्यांना हा विश्वासघात वाटला, आणि त्यांच्यातील कडव्या गटाने कराराआधीच, १९६१ साली, ओएएस नावाची गुप्त संघटना उभारली होती. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसच्या वेशीवरील पती-क्लामार येथे द गॉल यांच्या सित्रोएन मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले तरी गाडी निसटली. या कटाचा सूत्रधार, हवाई दलातील लेफ्टनंट कर्नल जाँ बास्तिएन-तिरी, याला ११ मार्च १९६३ रोजी बंदुकीच्या गोळ्यांनी देहदंड देण्यात आला.

हा सगळा भाग खरा आहे, आणि चित्रपट याच खऱ्या प्रसंगाने उघडतो. त्यानंतर पाऊल न वाजवता तो कल्पितात शिरतो. फोर्साइथ त्या काळात रॉयटर्सचे वार्ताहर म्हणून पॅरिसमध्ये होते, त्यामुळे खऱ्याचे कापड कोठे संपते आणि कल्पिताचे ठिगळ कोठे सुरू होते हे पाहणाऱ्याला कळत नाही. तो सांधा कोणत्या सीनमध्ये आहे, एवढे मात्र दुसऱ्या वेळी पाहताना शोधून ठेवावे.

दुसरी पायरी : रोजमेळ

आता वही. साधी फुलस्केप चालेल, पण ती आडवी धरून पाच रकाने आखावेत : वेळ, स्थळ, सीन कोणाचा, सीन संपल्यावर काय बदलले, आणि आता ही गोष्ट कोणाकोणाला ठाऊक आहे. दुकानदार दिवसभराची देवघेव जशी ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने रोजमेळात उतरवतो, तसे प्रत्येक सीनला एक ओळ द्यायची. दर सीननंतर चित्रपट थांबवायचा, ओळ लिहायची, पुढे जायचे. एका बैठकीत संपवण्याच्या फंदात पडू नये. रोज रात्री वीस-पंचवीस मिनिटांचा भाग घेतला तर आठवड्याभरात काम उरकते आणि डोकेही ताजे राहते.

मी स्वतः पहिल्यांदा हा उद्योग केला तेव्हा संवाद उतरवत बसलो होतो. चाळीसेक पाने भरली आणि शेवटी हाती काय लागले, तर जे पडद्यावर ऐकू येते त्याचीच हस्तलिखित प्रत. संवाद लिहू नयेत. चौथ्या रकान्यात एकच वाक्य असावे आणि त्याचा शेवट क्रियापदाने व्हावा : ‘मारेकरी मेलेल्या मुलाच्या नावाने पासपोर्ट मिळवतो’, ‘मंत्री पोलीस अधिकारी लबेलकडे तपासाचे काम सोपवतात’. ज्या सीनसाठी असे वाक्य सुचत नाही, त्यापुढे फुली मारावी. या चित्रपटात फुल्या फारच थोड्या पडतील. मग त्याच कसोटीवर आपला खर्डा घासून पाहावा. माझ्या एका जुन्या खर्ड्यातील निम्म्या सीनना मला स्वतःलाच क्रियापद सापडले नव्हते.

तिसरी पायरी : खतावणी

रोजमेळ पुरा झाला की खरे काम सुरू होते. त्यातील प्रत्येक नोंद आता खात्यावर चढवायची. तीन खाती पुरेत : जॅकलला काय ठाऊक, पोलिसांना काय ठाऊक, प्रेक्षकाला काय ठाऊक. प्रत्येक खात्याला वेगळ्या रंगाची शाई वापरली तर पान नुसते लांबून पाहूनही कोठे काय चालले आहे ते कळते.

पूर्वार्धात प्रेक्षकाचे खाते वाढत जाते आणि पोलिसांचे जवळजवळ कोरे राहते. ओएएसचे पुढारी आणि मारेकरी यांचा सौदा आपल्यासमोर होतो, बंदूक आपल्यासमोर बनते, पासपोर्ट आपल्यासमोर हाती येतो, आणि तिकडे पॅरिसमध्ये कोणाला कशाची गंधवार्ता नाही. पोलिसांच्या खात्यावर पहिली जमा पडते ती ओएएसच्या एका हस्तकाला पळवून, छळ करून काढलेल्या तुटक शब्दांची. मूळ कट तोवर अर्धा शिजलेला असतो. यानंतर पोलीस जे जे शोधतात ते आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि तरीही कंटाळा येत नाही. का येत नाही, ते खतावणीच दाखवते : आपण ‘काय झाले’ हे पाहत नसून ‘यांना केव्हा कळणार’ हे पाहत असतो.

पण आपल्यापासूनही एक खाते बंद ठेवलेले आहे, हे बारकाईने पाहिल्यावर ध्यानात येते. मारेकरी बंदूक बनवणाऱ्या कारागिराला ती हलकी हवी, सुटी होणारी हवी, असे सांगतो. पण ती कशात लपवणार हे आपल्याला कळू देत नाही. लंडनच्या विमानतळावर तो एका परक्या प्रवाशाचा पासपोर्ट चोरतो. तो कशासाठी, हे तेव्हा कळत नाही. पुष्कळ पुढे, एकीकडे पोलीस एका इंग्रजाला शोधत असताना, तोच पासपोर्ट त्याला डॅनिश शिक्षक बनवतो. आणि बंदुकीच्या सुट्या नळ्या शेवटच्या दिवशी एका पायाने अधू झालेल्या म्हाताऱ्या सैनिकाच्या कुबडीतून बाहेर येतात. वहीत अशा जागी ‘पेरणी’ असे लिहून पान क्रमांक टाकावा, आणि उगवले तेथे तो क्रमांक पुन्हा लिहावा. पेरणी आणि उगवण यांत जेवढी पाने जातात, तेवढी ती उगवण अंगावर येते. दोन सीन आधी दाखवून पुढच्या सीनला वापरलेली वस्तू सोय वाटते. तासाभरापूर्वी दाखवून विसरायला लावलेली वस्तू नशिबासारखी वाटते.

चौथी पायरी : काम पाहणे

आता एकच सीन घेऊन तो दहा वेळा पाहावा. माझी निवड नेहमी कलिंगडाची असते.

मारेकरी मोटारीने एका निर्जन रानात जातो. एक कलिंगड झाडाच्या फांदीला टांगतो. त्यावर रंगाने माणसाच्या चेहऱ्याच्या चार खुणा काढतो. मग पाठ फिरवून दूर चालत जातो, बंदूक जोडतो, तिला झाडाचा टेकू देतो, नेम धरतो आणि गोळी झाडतो. गोळी लागते, पण हवी तेथे नाही. तो न चिडता, न घाई करता दुर्बिणीचे स्क्रू किंचित फिरवतो. पुन्हा गोळी. पुन्हा स्क्रू. नेम जमल्यावर खऱ्या कामासाठी राखून ठेवलेली वेगळी गोळी भरतो, आणि या वेळी कलिंगडाचा चेंदामेंदा होतो.

या सीनमध्ये एक शब्द बोलला जात नाही आणि वाद्याचा एक सूर वाजत नाही. मारेकरी निर्दय आहे, हुशार आहे, थंड डोक्याचा आहे, असे सांगणारे कोणी नाही. एक माणूस आपले हत्यार घासूनपुसून बिनचूक करतो आहे, सुतार रंध्याचे पाते लावून पाहतो तसा. आपण त्याच्या हातांकडे पाहता पाहता नकळत त्याच्या बाजूचे होतो. दुसरी गोळी थोडी बाजूला लागली की आपल्यालाही चुटपुट लागते. आणि शेवटच्या गोळीला लाल गर उडतो तेव्हा एकदम आठवते की ते कलिंगड कोणाच्या डोक्याच्या जागी आहे. प्रेक्षकाला सहभागी करून घेऊन मग शरमिंदा करण्याची ही युक्ती आहे, आणि ती चालते ती फक्त आधीचे काम पूर्ण दाखवले म्हणून. पहिल्याच गोळीला कलिंगड फुटले असते तर आपल्याला एक पटाईत नेमबाज दिसला असता. भीती वाटली नसती.

सराव असा : या सीनमधील प्रत्येक कटला एक क्रियापद लिहावे. टांगतो, रंगवतो, चालतो, जोडतो, टेकवतो, झाडतो, पाहतो, फिरवतो. विशेषण एकही लिहायचे नाही. मग आपल्या पात्राचा व्यवसाय घ्यावा, मग तो मारेकऱ्याचा असो की कुलपे दुरुस्त करणाऱ्याचा, आणि एक पानभर फक्त क्रियापदांवर चालणारा सीन लिहावा. हे जमत नसेल तर अडचण लेखनाची नसते. आपल्याला ते काम माहीत नसते. मग चार दिवस कुलपवाल्याच्या टपरीवर जाऊन बसावे.

या चित्रपटाचे संकलक राल्फ केम्पलन यांना संकलनासाठी ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले होते, आणि ऑस्करचे नामांकनही. त्यांच्या कात्रीचे महत्त्व या सीनमध्ये कळते : कट वेगाने येत नाहीत, काम पुरे झाल्यावर येतात.

पाचवी पायरी : अंतर मोजणे

पोलीस अधिकारी लबेल चित्रपटात बराच उशिरा येतो. मायकेल लॉन्स्डेल यांनी उभा केलेला हा माणूस दबक्या आवाजाचा, थकलेला, घरच्या स्वेटरात शोभेल असा आहे. मंत्र्यांच्या लांबलचक टेबलापाशी तो चुकून आत आलेल्या कारकुनासारखा बसतो. तो आल्यापासून एक आलेख काढावा. आडव्या रेघेवर चित्रपटाची मिनिटे, उभ्या रेघेवर पोलीस आणि मारेकरी यांच्यातील अंतर. सुरुवातीला हे अंतर दिवसांत मोजावे लागते, मग तासांत, आणि शेवटी जिना चढायला लागणाऱ्या वेळात. अंतर सरळ घटत जात नाही, हे आलेख दाखवतो. पोलीस हॉटेलवर पोहोचतात तोवर पाहुणा निघून गेलेला असतो. नाव कळते तोवर नाव बदललेले असते. दर वेळी मारेकऱ्याला आधी कळते कसे, हा प्रश्न लबेललाही पडतो आणि आपल्यालाही, पण उत्तर आपल्याला आधी ठाऊक असते : बैठकीतल्याच एका बड्या अधिकाऱ्याच्या घरात ओएएसने एक स्त्री पेरलेली आहे.

फितुरी पकडण्याचा सीन पटकथेच्या विद्यार्थ्याने पाठ करावा इतका नेटका आहे. भरल्या बैठकीत लबेल ध्वनिफीत लावतो. त्या स्त्रीचा आवाज ऐकू येतो. एक अधिकारी उठतो आणि निमूटपणे बाहेर जातो. कोणाचा फोन चोरून ऐकायचा हे कसे ओळखले, असे मंत्री विचारतात, तेव्हा लबेल सांगतो की ओळखले नव्हते, म्हणून सगळ्यांचेच ऐकले. त्या ‘सगळ्यांचेच’मध्ये विचारणारे मंत्रीही आले, हे टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवर दिसते. एका उत्तरात गुन्हेगार सापडतो, लबेलचा स्वभाव उघडा पडतो आणि वरिष्ठांशी असलेले त्याचे नाते कायमचे बदलते. आपल्या सीनमध्ये एका वाक्याने किती कामे होतात हे मोजण्याची सवय येथून लावून घ्यावी.

याच्या जोडीला फाट्याचा सीन ठेवावा. कट फुटला आहे हे मारेकऱ्याला फोनवर कळते. एका वळणावर गाडी थांबते. एक रस्ता इटलीकडे परत जाणारा, दुसरा पॅरिसकडचा. आगाऊ पैसे मिळालेले आहेत, परतायला कोणाची आडकाठी नाही. तो क्षणभर थांबतो आणि पॅरिसचा रस्ता धरतो. का, ते चित्रपट सांगत नाही. पैसा, गर्व की हाती घेतलेले काम तडीस नेण्याचा हट्ट, यांपैकी काय ते ज्याने त्याने ठरवावे. माझ्या मते तो हट्टच आहे, आणि कलिंगडाच्या सीनमध्ये तो आपण आधी पाहिलेला असतो.

सहावी पायरी : कान

या पायरीला एक संध्याकाळ पुरते. कोणताही दहा मिनिटांचा भाग पडद्याकडे पाठ करून ऐकावा. संगीतकार म्हणून झॉर्ज देलरू यांचे नाव आहे, पण पार्श्वसंगीत इतके थोडे आहे की ते शोधावे लागते. ऐकू येतात ती पावले, दारे, टाइपरायटर, मोटारी आणि रस्ते. झिनमन यांनीच १९५२ साली ‘हाय नून’मध्ये घड्याळाच्या काट्यांवर अख्खा चित्रपट तोलला होता, येथेही भिंतीवरची घड्याळे वरचेवर दिसतात. आपल्या पटकथेत ‘तणावपूर्ण संगीत’ असे कंसात लिहिलेले असेल तर ते खोडून तेथे एक आवाज लिहावा.

सातवी पायरी : काय काय नाही, याची यादी

मारेकऱ्याला बालपण नाही, प्रेमभंग नाही, सूड नाही, तत्त्वज्ञान नाही. शेवटपर्यंत त्याला नावही नाही. पोलीस ज्या चार्ल्स कॅलथ्रॉप नावाच्या मागे लागतात, त्यातील दोन्ही शब्दांची पहिली तीन-तीन अक्षरे रोमन लिपीत जोडली की जॅकलसाठी असलेला फ्रेंच शब्द ‘शाकाल’ तयार होतो, म्हणून ते खुश होतात. आणि अखेरीस खरा कॅलथ्रॉप वेगळाच, जिवंत माणूस निघतो. भूमिकेसाठीही झिनमन यांनी मुद्दाम मोठा तारा घेतला नाही. एडवर्ड फॉक्स तेव्हा घरोघरी ठाऊक असलेला चेहरा नव्हता, आणि गर्दीत हरवणाऱ्या माणसाचे काम गर्दीने ओळखावे अशा नटाला देण्यात अर्थही नव्हता. जाता जाता सांगायला हरकत नाही की आपल्याकडे ‘जॅकल’ म्हणजे कोल्हा आणि ‘फॉक्स’ म्हणजे खोकड. तेव्हा येथे एका खोकडाने कोल्ह्याचे काम केले आहे, आणि चोख केले आहे.

आठवी पायरी : टाके कोठे सुटले आहेत

आदर्श म्हणून ठेवलेल्या चित्रपटाचे दोष लिहून काढल्याशिवाय अभ्यास पुरा मानू नये. पॅरिसमधील मंत्री, पोलीस, हॉटेलवाले सगळे आपापसांत इंग्रजी बोलतात, हा त्या काळच्या धंद्याचा संकेत म्हणून सोडून देता येईल. त्याहून मोठी उणीव स्त्रियांची आहे. डेल्फिन सेरिग यांच्यासारखी अभिनेत्री हाती असूनही त्यांची सरदारीण मारेकऱ्याला आसरा देऊन मरण्यापुरती आहे; ओएएसने पेरलेली तरुणीही बातम्या पोहोचवण्यापुरतीच आहे. मारेकऱ्याला मन नसणे हा लेखकाचा निर्णय आहे, पण त्याच्या वाटेत येणाऱ्यांनाही मन नसावे हा आळस आहे. आपला खर्डा लिहिताना हे नक्की टाळता येते.

शेवटच्या प्रसंगाबद्दल मात्र माझे मत वर्षागणिक बदलत गेले. २५ ऑगस्ट, पॅरिसच्या मुक्तीचा वर्धापनदिन. कुबडीवाला म्हातारा पोलिसाच्या नजरेसमोरून इमारतीत शिरतो, बंदूक जोडतो, नेम धरतो. द गॉल एका सैनिकाच्या छातीवर पदक लावतात आणि गोळी सुटते त्याच क्षणी फ्रेंच रीतीप्रमाणे त्याच्या गालाला गाल लावण्यासाठी खाली वाकतात. नेम चुकतो. पूर्वी मला हा योगायोग वाटायचा. आता वाटते की ज्याने स्क्रू, नळ्या, पासपोर्ट सगळे मोजले, त्याने परक्या देशातील शिष्टाचार तेवढा मोजला नाही. लबेल दार फोडून आत येतो तोवर बंदुकीत दुसरी गोळी भरली जात असते.

नववी पायरी : आपला सदरा बेतणे

आता निकाल ठाऊक असलेली घटना स्वतः निवडावी. मराठीत याचे एक उदाहरण हाताशी आहे : जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ सालचा ‘२२ जून १८९७’. चापेकर बंधू भाडोत्री नव्हते, त्यांच्या हातून घडलेल्या कृतीमागे प्लेगच्या काळातील अत्याचारांचा संताप होता, त्यामुळे दोन्ही चित्रपटांना एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. पण गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडच्या गाडीचे काय होणार हे मराठी प्रेक्षकाला शाळेपासून पाठ असते, आणि तरीही ती रात्र पडद्यावर उभी करायची असते. लेखकापुढचा पेच तोच. दोन्ही चित्रपटांचे रोजमेळ शेजारी ठेवून ‘कोणाला ठाऊक’ हा एकच रकाना ताडून पाहावा.

मग कोऱ्या पानावर तीन खाती आखावीत आणि एकही संवाद न लिहिता पहिले दहा सीन त्यांत मांडावेत. प्रत्येक सीनला क्रियापद, किमान दोन पेरण्या, आणि मारेकरी व पोलीस यांच्यातील अंतर दिवसांत की तासांत याची नोंद. पिस्तूल पहिल्या दहा सीनांत एकदाही झाडायचे नाही. हे दहा सीन दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्यावेत आणि अकराव्यात काय होईल असे त्याला वाटते ते विचारावे. त्याचा अंदाज बरोबर निघाला तर तिसऱ्या खात्यातील एक नोंद खोडून ती पुढे ढकलावी, आणि पान दुसऱ्या वाचणाऱ्याकडे न्यावे.